सातारा-सांगलीत परदेशी इंजिनिअर नेमताना: ऑफर लेटरपासून परतीच्या विमानापर्यंत

मोठ्या कंपन्यांचं बरं असतं. व्हिसा, नोंदणी, कर हे सगळं बघायला त्यांच्या मुख्यालयात वेगळी माणसं असतात. खरी ओढाताण होते ती साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या चाळीस माणसांच्या ऑटोमेशन कंपनीची, कुपवाडच्या फौंड्रीची किंवा विश्रामबागेतल्या सॉफ्टवेअर फर्मची. पगारपत्रक, पीएफ, कँटीनचा ठेका आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरची भेट सांभाळणारी एकच व्यक्ती तिथे असते, आणि एक दिवस मालक सांगतात, "पुढच्या महिन्यात जर्मनीहून एक इंजिनिअर येतोय, त्याचं बघा."

पुढच्या महिन्यात हे होत नाही. पहिल्या बोलण्यापासून माणूस खुर्चीवर बसेपर्यंत तीन महिने हाताशी धरा. त्यातला बराचसा वेळ सरकारी खिडकीवर जात नाही, आपलेच कागद एकमेकांशी जुळवण्यात जातो. नेमणुकीचा करार, व्हिसाचा अर्ज, भाडेकरार, पगारपत्रक आणि पीएफची नोंद या पाच ठिकाणी त्या माणसाचं नाव, हुद्दा, पगार आणि पत्ता एकसारखा असला पाहिजे. पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी या पाचांपैकी दोन कागद वेगवेगळं बोलू लागले की सुरू होतात.

व्हिसा लागतोच का, हे आधी बघा

सगळ्याच परदेशी पासपोर्टवाल्यांना एम्प्लॉयमेंट व्हिसा लागत नाही. आपल्या भागातली कितीतरी मुलं अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थायिक झाली, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि आता आईवडिलांजवळ परत यावं असं त्यांच्या मनात आहे. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असेल, तर खाजगी कंपनीत नोकरी करायला व्हिसाही नको आणि परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणीही नको. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण अशा काही कामांना विशेष परवानगी लागते. कारखान्यातल्या किंवा सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या नोकरीला ती लागत नाही. ओसीआय कार्डावरचं नाव आणि चालू पासपोर्टवरचं नाव जुळतं का एवढं मात्र तपासा. लग्नानंतर बदललेली आडनावं इथे हमखास आडवी येतात.

नेपाळच्या नागरिकालाही व्हिसा लागत नाही. काठमांडूचा सॉफ्टवेअर इंजिनिअर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून येऊ शकतो आणि काम करू शकतो. भूतानच्या नागरिकांनाही व्हिसा नको. पीएफच्या नियमांतही या दोन्ही देशांच्या लोकांना भारतीय कामगारच मानलं जातं.

आणखी एक वाट अशी, की माणसाला इथे आणायचंच नाही. तो त्याच्या देशात बसून काम करतो आणि वर्षातून एकदा आठवडाभर बैठकांना येतो. त्या भेटीला बिझनेस व्हिसा पुरतो. त्याला पैसे पाठवताना मात्र तो तुमचा नोकर आहे की स्वतंत्र सल्लागार, हे करारात स्पष्ट लिहा, कारण करकपात आणि जीएसटी त्यावर ठरतात. सल्लागार असेल तर रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, जीएसटी भरण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. पहिली रक्कम पाठवण्यापूर्वी सीएला करार दाखवा, नंतर नको. छोट्या फर्मला पुढे येणारी पगाराची अट झेपत नसेल, तर हा मार्ग सरळ आणि स्वच्छ आहे.

बिझनेस व्हिसावर येऊन काम करणं ही सर्वांत मोठी चूक. या व्हिसावर बैठका घेता येतात, खरेदीविक्रीच्या वाटाघाटी करता येतात, चालू प्रकल्पाची प्रगती पाहता येते, वरच्या पातळीवरचं तांत्रिक मार्गदर्शनही करता येतं. रोज सकाळी नऊला येऊन कोड लिहिणं किंवा शिफ्टचं वेळापत्रक सांभाळणं ही नोकरी झाली. टुरिस्ट व्हिसाचा तर प्रश्नच नाही. "आधी टुरिस्टवर बोलावू, मग इथेच बदलून घेऊ" असा सल्ला देणारे एजंट भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. टुरिस्ट किंवा बिझनेस व्हिसाचं देशात राहून एम्प्लॉयमेंट व्हिसात रूपांतर होईल हे गृहीत धरून नेमणूक करूच नये. माणसाला परत जावं लागतं आणि नोंद कायमची मागे राहते.

पुरवठादाराने यंत्राबरोबर पाठवलेला बसवणीचा तंत्रज्ञ हा वेगळा विषय आहे. त्याच्या व्हिसाचे नियम गेल्या काही काळात बदलत आले आहेत. यंत्राची ऑर्डर देतानाच त्याच्या देशातल्या भारतीय दूतावासाला करार दाखवून कोणत्या वर्गात अर्ज करायचा ते लेखी विचारून घ्या. यंत्र न्हावाशेवाला उतरल्यावर विचारणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

पुण्यात आधीच असलेला परदेशी इंजिनिअर

"तो पुण्यातल्या कंपनीत आहे, व्हिसा आहेच, आपण जास्त पगार देऊ आणि घेऊ" असं अनेकांना वाटतं. एम्प्लॉयमेंट व्हिसा विशिष्ट कंपनीसाठी दिलेला असतो. मालक कंपनी आणि तिची उपकंपनी यांच्यातली बदली अशा मोजक्या अपवादांत परवानगी घेऊन बदल होतो. एरवी त्याने ती नोकरी सोडायची, देश सोडायचा आणि तुमच्या नावाने नवा व्हिसा घेऊन परत यायचं. हे मुलाखतीतच त्याला सांगा. त्याने राजीनामा देऊन टाकला आणि नंतर हे कळलं, तर नुकसान त्याचं होतं, आणि परक्या गावात त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

पगाराची अट आणि तिच्यातला खड्डा

एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वार्षिक एकूण पगार १६.२५ लाख रुपयांच्या वर असावा लागतो, म्हणजे महिन्याला साधारण १,३५,४१७ रुपयांहून जास्त. परदेशी पदार्थ बनवणारे खास आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि अनुवादक अशांना यातून सूट आहे. तंत्रज्ञाला नाही.

घोडं पेंड खातं ते 'एकूण पगार' या शब्दांपाशी. रोख पगार आणि रोख भत्ते धरता येतात. घर, गाडी अशा सोयी धरता येतात त्या फक्त आयकरात उत्पन्न म्हणून मोजल्या जाणाऱ्या रकमेइतक्या, आणि ती रक्कम करारात आकड्यात लिहिलेली असेल तरच.

समजा, तुम्ही महिना १,००,००० मूळ पगार आणि २०,००० भत्ता ठरवलात. वर्षाचे झाले १४,४०,०००. शिवाय गोडोलीत १८,००० रुपये महिन्याचं घर कंपनीने भाड्याने घेऊन दिलं. मालक बेरीज करतात: १४,४०,००० अधिक २,१६,०००, एकूण १६,५६,०००. बसलं म्हणतात. पण कंपनीने भाड्याने घेतलेल्या घराचं करपात्र मूल्य म्हणजे प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. इथे १० टक्के म्हणजे १,४४,०००. त्यामुळे बेरीज होते १५,८४,०००, आणि अट ४१,००० रुपयांनी हुकते.

यावर उपाय साधा आहे. रोख पगार एकट्यानेच अट पार करेल असा ठेवा, म्हणजे किमान १,४०,००० महिना, आणि घराची सोय वरून द्या. सीमारेषेला घासून आकडे ठरवले की पुढे मुदतवाढीच्या वेळी एखाद्या महिन्याची बिनपगारी रजासुद्धा अडचण करते. तेव्हा वर्षभर प्रत्यक्षात काय दिलं आणि त्यावर किती कर कापला, हेच बघितलं जातं.

कागदावर १७ लाख दाखवून हातात १० लाख द्यायचे, असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. करकपातीचं विवरण, बँक खातं आणि पीएफचा भरणा या तिन्हींतून ते दिसतं.

करार आणि 'भारतीय माणूस का नाही' याचं पत्र

ज्या कामाला पात्र भारतीय मोठ्या संख्येने मिळतात, त्या कामासाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा देत नाहीत. नेहमीची कारकुनी, सचिवपदाची कामंही बाद. म्हणून समर्थनाचं पत्र हा अर्जाचा कणा आहे, आणि नेमका तोच भाग दोन ओळींत उरकला जातो. 'अत्यंत कुशल आणि अनुभवी' असं लिहून कुणालाच काही कळत नाही.

सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एवढे इंजिनिअर दर वर्षी इथूनच बाहेर पडत असताना हा माणूस बाहेरून का, हा प्रश्न व्हिसा अधिकाऱ्याच्या आधी तुम्ही स्वतःला विचारा. उत्तर कामाच्या भाषेत लिहा: कोणती प्रणाली, कोणत्या मूळ कंपनीची, या माणसाने तिच्यावर किती वर्षं आणि नेमकं काय केलं, तुमच्याकडे ती कशासाठी बसवली जाते आहे, आणि दोन वर्षांत तो इथल्या किती जणांना शिकवून तयार करणार आहे. जाहिरात दिली होती, मुलाखती घेतल्या होत्या, तर त्यांची नोंद जोडा. उत्तर सुचतच नसेल, तर ती जागा इथल्याच मुलामुलींनी भरावी हे बरं.

करारात पुढच्या गोष्टी हव्यातच: पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, हुद्दा, कामाचं स्वरूप, कामाचं ठिकाण पूर्ण पत्त्यासह, सुरुवातीची तारीख आणि मुदत, पगाराची फोड, प्रत्येक सोयीचं रुपयांतलं मूल्य, कर कोण भरणार, नोटीसची मुदत आणि परतीचं तिकीट कुणाकडे. ठिकाण लिहिताना 'महाराष्ट्र' किंवा 'भारतात कुठेही' असं मोघम लिहू नका. साताऱ्याचं युनिट आणि पुण्याचं कार्यालय अशी दोन्हीकडे ये-जा असणार असेल, तर दोन्ही पत्ते लिहा.

याबरोबर कंपनीचं हमीपत्र जातं. या माणसाच्या वर्तनाची आणि मुदत संपल्यावर त्याच्या परत जाण्याची जबाबदारी कंपनी घेते, असा त्याचा आशय असतो. त्यावर सही करणाऱ्याने ते वाचावं. ती नुसती औपचारिकता नसते.

कंपनीची नोंदणी, पॅन, जीएसटीचे कागद, त्या माणसाचा बायोडेटा, पदव्या आणि अनुभवाची प्रमाणपत्रं हे जोडायचंच. काही दूतावास पदव्यांचं साक्षांकन मागतात. त्याला त्या देशात वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात चौकशी करायला सांगा.

अर्ज कुठे करायचा

एम्प्लॉयमेंट व्हिसा ई-व्हिसाच्या यादीत येत नाही. सरकारी संकेतस्थळावर नेहमीच्या व्हिसाचा अर्ज भरून दूतावासात किंवा त्यांच्या केंद्रावर कागद द्यावे लागतात. अर्ज मूळ देशातून करायचा. दुसऱ्या देशातून करायचा असेल, तर अर्जदार तिथे दोन वर्षांहून अधिक काळ कायम वास्तव्याला असला पाहिजे. दुबईत सहा महिन्यांपूर्वी आलेल्या युक्रेनियन इंजिनिअरचा अर्ज दुबईतून चालेल असं धरून विमानाची तिकिटं काढू नका.

पती किंवा पत्नी आणि मुलांसाठी एंट्री व्हिसा असतो, त्याची मुदत नोकरदाराच्या व्हिसाबरोबर चालते. त्या व्हिसावर जोडीदाराला नोकरी करता येत नाही. ऑनलाइन अर्धवेळ कामाबद्दल जोडीदार विचारतोच, तेव्हा हे आधीच सांगितलेलं बरं.

व्हिसा हातात आला की त्याचा फोटो मागवा आणि तीन गोष्टी वाचा: कंपनीचं नाव, मुदत, आणि नोंदणीबद्दलची सूचना. कंपनीच्या नावात 'प्रायव्हेट लिमिटेड' गळलं असेल किंवा समूहातल्या दुसऱ्याच कंपनीचं नाव पडलं असेल, तर विमानात बसण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. इथे आल्यावर ते निस्तरायला महिने जातात.

घर: सर्वांत दुर्लक्षित पायरी

परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्याने तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. याला वर्षानुवर्षं 'फॉर्म सी' म्हणतात. हॉटेल, लॉज, कंपनीचं गेस्ट हाउस, होमस्टे, खाजगी घर, सगळ्यांना हे लागू आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांच्या हे अंगवळणी पडलेलं आहे. शाहूपुरीतल्या किंवा विश्रामबागेतल्या बंगल्याच्या मालकाने मात्र हे नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

घरमालकाला आधी फॉर्म सीच्या सरकारी पोर्टलवर स्वतःची नोंदणी करून मान्यता मिळवावी लागते, तेव्हा कुठे फॉर्म भरता येतो. माणूस दारात उभा असताना ही नोंदणी सुरू केली, तर २४ तास असेच जातात. म्हणून घर ठरलं त्या आठवड्यातच घरमालकाबरोबर बसून लॉगिन तयार करा. काका वयस्कर असतील, ईमेल वापरत नसतील, तर मुलाचा किंवा सुनेचा ईमेल घ्या, पण नोंदणी मालकाच्या संमतीने आणि खऱ्या माहितीनेच करा. सोपं पडावं म्हणून कंपनीनेच घर भाड्याने घेऊन गेस्ट हाउस म्हणून नोंदवणं हाही चांगला मार्ग आहे. मग दर वेळी घरमालकाच्या मागे लागावं लागत नाही.

घर निवडताना खोल्यांआधी कागद बघा. जुन्या पेठांतल्या कितीतरी घरांचं वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे, मिळकतपत्रिकेवर चार भावांची नावं आहेत आणि करारावर सही एका नातवाची. नोंदणीच्या वेळी पत्त्याचा पुरावा म्हणून हे कागद लावले की प्रश्न येतात. ज्याची सही त्याच्याच नावाचं वीजबिल असलेलं घर घ्या, भाडं हजारभर जास्त पडलं तरी.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ने ते बंधनकारक केलेलं आहे. ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक लागतो, तो नव्याने आलेल्या परदेशी माणसाकडे नसतो. त्यामुळे करार कंपनीच्या नावे करून राहणाऱ्याचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक त्यात घालायचा, किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करायची. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला देणं हे वेगळं काम आहे. फॉर्म सी भरला म्हणून ते झालं असं समजू नका, आणि ते दिलं म्हणून फॉर्म सी झाला असंही नाही.

पहिले चार दिवस तो हॉटेलात राहिला तर हॉटेल फॉर्म भरेल. घरात राहायला आला की घरमालकाने पुन्हा भरायचा.

पहिले १४ दिवस

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या एम्प्लॉयमेंट व्हिसावर आलेल्याला भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. हे दिवस मुंबई विमानतळावर शिक्का पडला तिथून मोजतात, साताऱ्यात कामावर हजर झाला तिथून नाही. मुंबईत चार दिवस, जेट लॅग उतरेपर्यंत पाचगणीत तीन दिवस, मग रविवार, मग गणपतीची सुट्टी, असं करता करता दहावा दिवस उजाडतो. नोंदणी ऑनलाइन आहे, त्यामुळे कार्यालय बंद होतं ही सबब चालत नाही. अर्ज पाचव्या दिवसापर्यंत जाईल असंच ठरवा, म्हणजे त्रुटी निघाली तर ती भरून काढायला आठवडा उरतो.

अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर करायचा. २०१८ पासून ही सोय देशभर आहे. जिल्ह्यात जिल्हा पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात. प्रत्यक्ष हजर राहायची गरज त्यांनी बोलावलं तरच पडते. कोणत्या कार्यालयाकडे अर्ज जाणार, हे राहण्याच्या पत्त्यावर ठरतं, कारखान्याच्या पत्त्यावर नाही. शिरवळ-खंडाळ्याच्या कंपन्यांची इथे हमखास गल्लत होते. कारखाना सातारा जिल्ह्यात, पण इंजिनिअर राहतो पुण्यात, तर नोंदणी पुण्याच्या हद्दीत.

अपलोड करायला लागतं ते असं: फोटो, पासपोर्टचं माहितीचं पान, व्हिसाचं पान, आगमनाचा शिक्का, फॉर्म सी किंवा पत्त्याचा पुरावा, नोकरीचा करार, कंपनीचं विनंतीपत्र आणि हमीपत्र, कंपनीचे नोंदणीचे कागद. प्रत्येक फाइल उघडून वाचता येते का ते बघा. अर्ज परत येतात ते बहुतेकदा अस्पष्ट स्कॅनमुळे, आगमनाचा शिक्काच न लावल्यामुळे, किंवा करारातला हुद्दा 'कंट्रोल्स इंजिनिअर' आणि विनंतीपत्रातला 'टेक्निकल मॅनेजर' असल्यामुळे. अर्जातला ईमेल त्या माणसाचा असेल, तर रोज तो तपासायला त्याला सांगा. त्रुटीचा ईमेल स्पॅममध्ये पडून राहिल्याने मुदत उलटते.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द केले. मुदत संपल्यावर राहणं किंवा व्हिसाच्या अटी मोडणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरला तर किमान दोन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय एक ते दहा लाख रुपये दंड.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. त्याचा पासपोर्ट 'सुरक्षित राहावा' म्हणून कंपनीच्या तिजोरीत ठेवू नका. प्रत घ्या, मूळ त्याच्याकडेच राहू द्या. त्याचा तो एकमेव आधार असतो. घरमालकाचा, पोलीस ठाण्याचा आणि तुमच्यातल्या इंग्रजी बोलणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर कागदावर लिहून त्याला द्या.

पीएफ: इथे रक्कम मोठी असते

कंपनीला पीएफ लागू असेल, तर परदेशी कर्मचारी 'आंतरराष्ट्रीय कामगार' ठरतो. ही तरतूद ऑक्टोबर २००८ पासून आहे. भारतीय कर्मचाऱ्याला १५,००० रुपयांच्या मर्यादेवर हिशेब करून १,८०० रुपयांत भागवता येतं, ती मर्यादा इथे नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारावर १२ टक्के त्याचे आणि १२ टक्के तुमचे. पीएफला धरायचा पगार १,००,००० असेल, तर महिन्याला २४,००० आणि वर्षाला २,८८,०००, त्यातले अर्धे कंपनीच्या खिशातून. ऑफर देण्याआधी हा आकडा बजेटमध्ये धरा. पगाराचा काही भाग परदेशातल्या मूळ कंपनीने तिकडेच दिला, तरी तोही या हिशेबात येतो.

ओसीआय कार्डधारकाला व्हिसा लागत नाही हे खरं, पण पासपोर्ट परदेशी असल्याने पीएफमध्ये तोही आंतरराष्ट्रीय कामगारच. हे विसरलं जातं आणि दोन वर्षांनी तपासणीत फरकाची रक्कम, व्याज आणि नुकसानभरपाई एकदम निघते.

सूट मिळते ती सामाजिक सुरक्षा करार असलेल्या देशांतून पाठवलेल्या माणसाला. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, स्वीडन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे बरेच देश त्यात आहेत. अमेरिका नाही, चीनही नाही. त्या देशातल्या संस्थेकडून 'कव्हरेज सर्टिफिकेट', म्हणजे तिकडच्या सामाजिक सुरक्षा योजनेत तो असल्याचा दाखला, घेऊन यायचं. ते मिळतं तिकडच्या कंपनीच्या पगारपटावर राहून इथे पाठवलेल्या माणसाला. तुम्ही थेट नेमलेला जर्मन इंजिनिअर त्यात बसत नाही, त्याचा पीएफ कापावाच लागतो.

पैसे परत मिळण्यातही फरक आहे. करार असलेल्या देशाचा माणूस नोकरी सोडताना करारातल्या तरतुदींनुसार रक्कम काढू शकतो. बाकीच्यांना साधारणपणे वयाच्या ५८ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तिशीतल्या अमेरिकन मुलीला हे निरोपाच्या दिवशी कळलं, तर तिला फसवणूक झाल्यासारखंच वाटेल. ऑफर लेटरबरोबर एका कागदावर हे लिहून द्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगारांच्या पीएफची ही तरतूदच घटनाबाह्य ठरवली, आणि हद्दीपलीकडच्या बेळगावचं ऐकून मिरजेत भरणा थांबवावा असं वाटू शकतं. तसं करू नका. महाराष्ट्रात भरणा चालूच ठेवा.

कर, बँक, परदेशी कंपनीने पाठवलेला माणूस

पॅन लगेच काढा, परदेशी नागरिकांसाठी वेगळा अर्ज आहे. इथे केलेल्या कामाचा पगार इथे करपात्र आहे, तो कुठल्या देशातल्या खात्यात जमा होतो याने फरक पडत नाही. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त राहिला तर तो कराच्या दृष्टीने निवासी होतो. म्हणून येण्याजाण्याच्या तारखांची एक वही ठेवा. व्यवसाय कर इतरांसारखाच, वर्षाला २,५०० रुपये. बँक खातं पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा कागद आणि पॅनवर निघतं, आणि कर, पीएफ वजा जाता उरलेला पगार तो मायदेशी पाठवू शकतो. आधार मिळतं, पण मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस वास्तव्य झाल्यावर.

परदेशी भागीदार कंपनीने आपला माणूस तुमच्याकडे पाठवला, पगार तिने दिला आणि तुम्ही तो तिला परत केला, तर जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या खटल्यात अशा व्यवस्थेला मनुष्यबळ पुरवठ्याची सेवा मानलं. तो निकाल सरसकट लावू नये, प्रत्येक कराराच्या अटी बघाव्यात, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना कळवलं. तेव्हा कामावर हुकूम कुणाचा, काढून टाकण्याचा अधिकार कुणाचा, पगार कुणाच्या पगारपटातून, हे करारात नीट लिहिलेलं असावं.

मधले बदल आणि मुदतवाढ

घर बदललं, नवा पासपोर्ट आला, बाळ झालं, तर पोर्टलवर कळवायचं. घर बदलताना नव्या मालकाचा फॉर्म सी पुन्हा. हुद्दा किंवा पगार वाढला तर सुधारित करार फाइलला लावा. पगार कमी करायचा असेल तर आधी १६.२५ लाखांची अट पुन्हा मोजा.

मुदतवाढ इथेच मिळते, पहिल्या व्हिसाच्या तारखेपासून एकूण पाच वर्षांपर्यंत. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज करा. लागतात ते कागद: चालू करार, करकपातीची प्रमाणपत्रं, आयकर विवरणपत्र, पीएफचा भरणा आणि कंपनीचं पत्र. सगळे आकडे इथे शेजारी शेजारी ठेवले जातात. विवरणपत्रच भरलं नसेल, तर अर्ज तिथेच अडतो.

निरोप

नोकरी मुदतीआधी संपली तर नोंदणी अधिकाऱ्याला लेखी कळवा. हमीपत्र तुमचं आहे, माणूस गेला म्हणून ते आपोआप सुटत नाही. शेवटचा पगार देण्याआधी त्या महिन्यापर्यंतचा कर कापून भरा. देश सोडण्यापूर्वी आयकर खात्याचा ना-हरकत दाखला लागतो आणि त्यासाठी मालकाने कराची हमी द्यायची असते, म्हणून शेवटच्या दिवसाच्या निदान तीन आठवडे आधी सीएकडे कागद द्या. व्हिसाची मुदत उलटून गेली असेल तर बाहेर पडायला वेगळी परवानगी घ्यावी लागते, विमानतळावर ती ऐनवेळी मिळत नाही.

पीएफ काढायचा असेल किंवा ५८ व्या वर्षासाठी ठेवायचा असेल, दोन्ही बाबतीत त्याचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), परदेशातला पत्ता आणि कायम चालणारा ईमेल नोंदवून घ्या. इथलं बँक खातं आणि इथला मोबाइल नंबर तो गेल्यावर बंद होतात, आणि मग ओटीपीच येत नाही. विमान सुटल्यावर प्रस्थानाच्या शिक्क्याचा फोटो मागवून फाइलमध्ये लावा.